सालिंदर वल्द नामालूम

पुंजारामला सरकारी नोकरी लागली तेव्हा साळूबाईनं पेढे वाटले नाहीत, कारण पेढे दिले की लोक खातं विचारतात. तरी शेजारच्या झुंबरबाईनं पेढ्यावाचूनच विचारलं, "कोण्या खात्यात लागले म्हणं मालक?"

"झाडाच्या," साळूबाई म्हणाली, आणि घागर घेऊन आत गेली.

हे काही खोटं नव्हतं. खातं आबकारी होतं, म्हणजे दारूचं आणि शिंदीचं. पण पुंजारामला दारूशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला फक्त शिंदीची झाडं मोजायची होती. अडचण एवढीच, की पुंजारामच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि ती काही परवाची नव्हती. आठव्या वर्षी घातलेली. परतुरातल्या भजनात टाळ धरायला त्याच्यासारखा दुसरा माणूस नाही, असं लोक म्हणत, आणि तोही तसं म्हणू देत असे.

बापानं, कडूबानं, त्याला उर्दू मिडलपर्यंत शिकवलं ते केवळ सावलीसाठी. "मी उन्हात वाळलो, माह्या लेकानं सावलीत खुर्चीवर बसावं," एवढीच त्या माणसाची इच्छा. आणि सरकारनं लेकाला जो हुकूम दिला तो असा, की परतूरपासून ओढ्याच्या काठाकाठानं दोन कोसांत शिंदीची जी झाडं आहेत ती सगळी पायी हिंडून मोजावीत, प्रत्येकाचं खोड तासून त्यावर डांबरानं नंबर टाकावा, आणि दर महिन्याला जाऊन नंबर जागेवर आहेत की नाहीत ते पाहावं. रजिस्टरात झाडं होती चारशे सतरा. साल तेराशे चव्वेचाळीस फसली, म्हणजे इंग्रजी हिशेबानं चौतीस-पस्तीस. नोकरी आरजी, म्हणजे कच्ची. वर्षाअखेर आबकारीचे मोठे अंमलदार, मोहतमीम साहेब, मुआयन्याला म्हणजे तपासणीला येणार. झाडं चारशे सतरा भरली तर नोकरी पक्की. नाही भरली तर पुंजाराम परत कडूबाच्या वखरामागं.

माळकऱ्यानं शिंदीखाली जावं की नाही, हा प्रश्न घेऊन तो धर्मराजबुवांकडे गेला. बुवा म्हणजे झुंबरबाईचे मालक. दिवसा धान्याची अडत, संध्याकाळी भजनाची वीणा. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "हे बघा पुंजाराम, झाड देवानं केलं, मडकं माणसानं बांधलं. दोष झाडात न्हाई, मडक्यात हाये. अन् मडकं असतं वर. तुमी खोडाकडं बघा. वर बघू नका."

सल्ला फुकट होता आणि पटण्यासारखा होता. असे सल्ले फार महागात पडतात, हे पुंजारामला त्या वेळी ठाऊक नव्हतं.

फसली वर्षाचा पहिला महिना आजर. आपला आश्विन म्हणा. ओढ्याला कमरेइतकं स्वच्छ पाणी, काठावर कुंद्याचं गवत, आणि शिंदबनात चपराशी याकूबच्या खांद्यावर डांबराचा डबा. याकूब पन्नाशीचा, गुडघ्यानं अधू, आणि रानाचा पक्का जाणकार. त्यानं पहिल्याच झाडाशी सांगितलं, "मुन्शीजी, ऊपर देख के हात मारो."

"मला वर बघायचं न्हाई, याकूबभाई."

"कायकू?"

"तो धर्माचा भाग हाये."

धर्माचा म्हटल्यावर याकूबनं डांबराचा डबा उघडला. पुंजारामनं एक युक्तीही काढली होती: उभं राहिलं की नजर वर जाते, म्हणून तो उकिडवा बसूनच खोड तासायचा आणि गुडघ्याइतक्या उंचीवर नंबर टाकायचा. सदतीस झाडं अशी निर्विघ्न पार पडली. अडतिसाव्या झाडाला त्यानं वाकसाचा पहिला घाव घातला, आणि वर, जिथं त्याला धर्मानं बघायचं नव्हतं, तिथं गांधीलमाशांचं पोळं होतं.

याकूब गुडघ्यानं अधू होता म्हणून सांगितलं खरं, पण त्या दिवशी तो आधी ओढ्यात पोचला. पुंजाराम नंतर. पाण्यातून डोकं काढलं की माशा, बुडवलं की श्वास. असा अर्धा तास सरकारी नोकरीत गेला.

संध्याकाळपर्यंत चेहरा भोपळ्यासारखा झाला. झुंबरबाईनं लोखंड घासायला सांगितलं, बाजारातल्या कासारानं चिंच लावायला सांगितली, आणि एकानं तर ज्या माशीनं चावलं तीच धरून वाटून लावा म्हणून सांगितलं. पुंजारामनं चिंच लावली, आणि गुरुवार होता म्हणून तसाच भजनाला गेला. कारण भजन चुकवणं त्याच्या रक्तात नव्हतं. डोळे चिरेसारखे, ओठ सुजून जीभ अडखळलेली, पायाला दंश म्हणून चाल हेलकावे खाणारी. टाळ एकदा लयीच्या अलीकडे वाजला, एकदा पलीकडे. 'पांडुरंग' म्हणायला गेला तर 'बांबुरंब' झालं.

"गांधीलमाशा चावल्या," तो सगळ्यांना सांगत होता. पण ओठ सुजलेल्या माणसानं 'गांधीलमाशा' हा शब्द म्हणून पाहावा, म्हणजे लोकांना काय ऐकू आलं ते कळेल.

"झाडाचं खातं म्हणं!" दुसऱ्या दिवशी विहिरीवर झुंबरबाई म्हणाली. साळूबाईनं दोर जरा जोरात ओढला.

सूज चार दिवसांत उतरली. बोलणं उतरलं नाही.

तरी पुंजारामनं नेट सोडला नाही. दिवाळीपर्यंत चारशे सतरा नंबर पडले. थंडी लागली तसा शिंदीचा हंगाम सुरू झाला. कचरू नावाचा कलाल कमरेला दोर बांधून खारीसारखा झाडावर चढायचा, शेंड्याला चीर देऊन संध्याकाळी मडकं बांधायचा आणि सकाळी उतरवायचा. पौषात त्याची तक्रार आली, की ओढ्याच्या वळणावरची पाच-सहा मडकी रोज निम्मी रिकामी निघून राह्यलीत. शिंदीच्या दुकानाच्या गुत्तेदारानं ती तक्रार पुढे नेली, आणि जाताजाता एवढंच म्हणाला, की हल्ली त्या वळणाला मुन्शीजींची फार ये-जा दिसते.

आता मात्र चोर धरणं भाग होतं. पुंजाराम फटफटताना कचरूबरोबर वळणावर गेला. धुकं ओढ्यावर अंथरलेलं, लांब कुठंतरी तित्तिर ओरडत होता. पुंजाराम खोडाकडे बघत उभा.

"मालक," कचरू हळूच म्हणाला, "चोर वर हाये अन् तुमी खाली बघून राह्यले."

"खाली उतरला की धरू."

"तो पिऊन झाल्याबिगर कसा उतरल?"

इथं पुंजारामच्या मनात सरकार आणि धर्मराजबुवा यांची थोडा वेळ झोंबाझोंबी झाली. सरकार जिंकलं. त्यानं वर पाहिलं. झावळीला मागच्या पायांनी लटकून, तोंड मडक्यात खुपसून एक काळंभोर उदमांजर शांतपणे पीत होतं. लांब शेपूट घड्याळाच्या लंबकासारखी हलत होती. जन्मात पहिल्यांदा पुंजारामनं शिंदीचा शेंडा पाहिला: सकाळचा पहिला उजेड झावळ्यांतून गाळून येत होता, आणि खरं सांगायचं तर ते दृश्य फार सुरेख होतं. उदमांजरानं तोंड वर काढलं. दोघांची नजरानजर झाली. मिशांना फेस लागलेला. दोघंही सभ्य, दोघंही ओशाळले. मग उदमांजर घाईघाईनं निघालं आणि त्याच्या पायानं मडकं निसटलं.

मडकं डोक्यावर बसलं नाही, हे नशीब. आतलं मात्र सगळं बसलं.

ओढ्याच्या गार पाण्यात त्यानं तीनदा अंग धुतलं. पण सरकारी काळा बंद गळ्याचा कोट भिजला की शिंदी त्यात जास्तच दरवळते, हे ज्ञान त्याला नव्यानं झालं. घरी जायची वाट भर बाजारातून. धान्याच्या दुकानांपुढून तो खाली मान घालून चालला तेव्हा त्याच्यामागं तीन कुत्री होती आणि शिंदीच्या दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, ते आपुलकीनं विचारत होतं, "मुन्शीजी, आज एवढ्या जल्दी कुठं उघडलं?"

आणि दिवस होता एकादशीचा.

संध्याकाळी धर्मराजबुवांनी त्याला देवळाच्या पायरीवरच गाठलं. बुवा वाईट माणूस नव्हते. त्यांनाही जड गेलं. "पुंजाराम, मला ठावं हाये तुमी घेत न्हाई. पण लोकांचं तोंड हाये. काही दिवस टाळ हितंच राहू द्या. बोभाटा मिटला की घेऊन जा."

"बुवा, उदमांजर होतं हो."

"आसंल. पण उदमांजराला कोणी वळखत न्हाई, तुमाला सगळे वळखत्यात."

त्यानं टाळ पायरीवर ठेवले. घरी येऊन ओट्यावर बसला. देऊळ तीन घरं सोडून. भजन तिथून स्पष्ट ऐकू यायचं. त्याचा टाळ दुसऱ्याच कुणीतरी धरला होता आणि तो माणूस दर चौथ्या ठेक्याला चुकत होता. पुंजाराम मांडीवरच्या रजिस्टरावर बोटांनी बरोबर ठेका धरून राहिला. साळूबाई दारात आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि आत जाऊन तिनं चुलीत लाकूड सरकवलं.

खरी भानगड पुढेच आहे. शिमग्याच्या आसपास महिन्याची फेरी घेताना पुंजारामला अकरा झाडांवर नंबर सापडेनात. झाडं होती, खोडं होती, पण नंबराच्या जागी साल कुरतडून खोड पांढरं पडलं होतं. बुडाशी काळेपांढरे काटे पडलेले.

याकूबनं एक काटा उचलून दाखवला. "मुन्शीजी, तुमारे साळिंदर का काम. रात कू आता, जड कुतरता. अदमी के सीने तक नंबर डालते तो उसका मुँ नै पोंचता. तुम गुडघे पे डाले."

पुंजारामनं घरी येऊन सदर कचेरीला कैफियत लिहिली. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि पुंजारामची उर्दू मिडलपर्यंतची. साळिंदराला उर्दूत काय म्हणतात हा प्रश्न मिडलच्या परीक्षेत आलेला नव्हता. याकूबला विचारावं, तर त्यानं मारलेला गुडघ्याचा टोमणा पुंजारामला अजून झोंबत होता. म्हणून त्यानं सरळ लिहून टाकलं: 'सालिंदर ने सरकारी नंबर खाये.'

वीस दिवसांनी उत्तर आलं. पुंजारामनं ते ओट्यावर बसून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग याकूबला हाक मारली.

'मुसम्मी सालिंदर ने सरकारी नंबर खाये, ये अम्र निहायत संगीन है,' असं त्यात होतं. 'सालिंदर की वल्दियत, कौम, उम्र और सकूनत दर्ज नहीं. मजकूर को तीन दिन में हाजिर किया जाये.'

म्हणजे कचेरीनं असं धरलं होतं, की सालिंदर नावाच्या कोण्या इसमानं सरकारी नंबर 'खाल्ले', जसे लोक सरकारचं बाकीचं खातात तसे. आणि आता त्याच्या बापाचं नाव, जात, वय आणि राहायचा पत्ता हवा होता.

याकूब आधी हसला, मग खोकला, मग त्याला पाणी द्यावं लागलं. "साही लिखना था मुन्शीजी, साही! मेरेकू पूछे तक नै."

"आता काय करायचं?"

"सबूत भेजो. काटा देखे तो समज जाते."

पुंजारामनं तीन मोठे काटे कागदात गुंडाळून पाठवले. उत्तर या खेपेला लवकर आलं: 'मुरसला तीन कलम वसूल हुए. सालिंदर के कलम आ गये, खुद सालिंदर क्यों नहीं आया?'

काटे कारकुनांनी ठेवून घेतले होते. साळिंदराच्या काट्याला टोक करून लिहिलं तर अक्षर फार सुंदर येतं म्हणतात. पुढच्या पत्राचं अक्षर खरोखरच सुंदर होतं. त्यात लिहिलं होतं, की दोनदा बोलावून हजर झाला नाही सबब सालिंदर वल्द नामालूम याला फरारी समजण्यात यावं, आणि पोलिसामार्फत तपास व्हावा.

वैशाखात जवान आला. उंचापुरा, दूरच्या मुलखातला, मराठीचा गंध नसलेला. ऊन असं, की ओढ्याचं पात्र फुफाट्यासारखं पांढरं झालेलं. शिंदीची फळं पिकून खाली पडत होती आणि ती वेचायला भर दुपारी कोल्हे येत होते. जवानाला पहिली भेटली ती झुंबरबाई. तिची उर्दू बाजारापुरती होती, पण आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट न सांगता राहणं तिला जमत नसे.

"सालिंदर को जानती हो?"

"न जानायला काय झालं? सारं गाव जानता."

"हुलिया?"

"काळा, ठेंगणा. अंगावर हे असे उभे."

"रहता कहाँ है?"

"ओढ्याकाठी. बिळात. दिवसा भाईर निघत न्हाई."

जवानाची पेन्सिल पळत होती. "बीवी-बच्चे?"

"असतील की दोन-चार. पण संभाळून हां, जवळ गेलं की काटे मारता."

'हथियारबंद,' जवानानं लिहिलं. 'पुराना मुजरिम मालूम होता है.'

याकूबनं त्याला झाडाखाली गाठून परोपरीनं समजावलं, "अरे भाई, वो अदमी नै, जानवर है, जानवर!"

"सब मुजरिम जानवर होते हैं, बड़े मियाँ," जवान गंभीरपणे म्हणाला आणि वही मिटून स्टेशनकडे गेला.

पुंजारामची झोप उडाली. मुआयना चार महिन्यांवर. अकरा झाडांना नंबर नाहीत. ते नव्यानं टाकावेत, तर ज्या नंबरांचा तपास चालू आहे त्यांना हात लावायला कचेरीची मनाई आली. जून उलटता उलटता ती मनाई उठली, तेव्हा डांबर ओल्या खोडाला चिकटेना. आणि खोडं वाळून जराशी उघडीप झाली, तेव्हा तिसरंच काही निघालं.

श्रावणातली सकाळ. ओढा दुथडी, काठ हिरवा, आणि वळणावरच्या त्या अकरांपैकी आठ झाडांच्या झावळ्यांना सुगरणींचे खोपे लोंबत होते. एकेका झाडाला दहा-बारा. पिवळ्या डोक्याचे नर गवताचे तंतू चोचीत धरून ये-जा करत होते. खालून पाणी, वर हा गलबला. पुंजारामनं वाकस हातात घेतला होता. आता तो वर बघूनच हात उचलायचा. तेवढं त्या वर्षानं शिकवलं होतं.

"तासलं तर काय व्हईल?" त्यानं कचरूला विचारलं.

"झाड हादरतं. खोपे जुने न्हाईत, वल्ले हायेत. एखादा ओढ्यात पडल. आत पिल्लं हायेत मालक. महिन्याभरात उडून जातील."

"मुआयना महिन्याभरातच हाये."

पुंजाराम मान वर करून उभा राहिला. एका खोप्याच्या नळीतून एक इवलंसं उघडं तोंड दिसलं आणि आत गेलं. त्यानं वाकस पिशवीत ठेवला.

"तीनच टाकू आज," तो म्हणाला. "छातीच्या उंचीवर."

घरी गेल्यावर त्यानं साळूबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलं." मग थोड्या वेळानं, "वखराला बैल मामंजीचेच हायेत ना अजून?" एवढं विचारून घेतलं. ती हिशेबी बाई होती.

मोहतमीम साहेब भाद्रपदाच्या शेवटी आले. पिकल्या दाढीचे, शेरवानी घातलेले, हैदराबादेत वाढलेले गृहस्थ. बोलायचे कमी, ऐकायचे जास्त. बरोबर तपासाची फाईल घेऊन तो जवान. पंचनाम्याला गावचा एक प्रतिष्ठित माणूस लागतो म्हणून धर्मराजबुवांना बोलावलं होतं. बुवा वीणा घरी ठेवून, पागोटं बांधून, शिंदबनात शिरले ते जमिनीकडे बघत.

मोजणीला दुपार गेली. दोनशे नवव्या झाडाशी खोळंबा झाला, कारण ते पुरात आडवं होऊन पात्रात पडलं होतं. साहेबांनी काठीनं चिखल बाजूला केला. खाली नंबर शाबूत होता. "गिरा हुआ," ते कारकुनाला म्हणाले, "मगर हाजिर." आणि पुढे निघाले.

मग आली वळणावरची आठ झाडं. नंबराविना.

"ये क्यों?"

पुंजारामनं घरून तीन-चार कारणं रचून आणली होती. ओल होती, डांबर संपलं होतं, याकूबचा गुडघा दुखत होता. त्यातलं एकही ऐनवेळी तोंडातून निघेना. तो म्हणाला, "हुजूर, वर पिल्लं होती. खोड तासलं असतं तर पडली असती. परवाच उडाली. कसूर माझा हाये."

याकूबनं ते उर्दूत सांगितलं. साहेबांनी वर पाहिलं. रिकामे खोपे वाऱ्यावर हलत होते.

"लिहू का हुजूर, की बया पक्ष्यामुळं?" पुंजारामनं विचारलं. आता त्यानं उर्दू शब्द आधीच माहीत करून घेतला होता.

"हरगिज नहीं," साहेब म्हणाले. "दफ्तर में बया को सालिंदर की बीवी समझ लेंगे." आणि कारकुनाकडे वळून, "चार सौ सत्रह. पूरे."

पुंजारामला काय वाटलं ते त्याला नीट सांगता यायचं नाही. त्यानं फक्त याकूबचा हात धरला, आणि याकूबनं त्याला धरू दिला.

पण फाईल होतीच. दिवेलागणीला मंडळी ओढ्याच्या दरडीशी आली. तिथं मोठं बीळ होतं, तोंडाशी काटे पडलेले. जवानानं एक पाऊल पुढे होऊन रीतसर पुकारा केला, "सालिंदर वल्द नामालूम, हाजिर हो!"

आतून खुळखुळ असा आवाज आला.

"पैंजण," जवान पुटपुटला. "औरत भी है."

तेवढ्यात आरोपी हजर झाला. ओढ्याकाठी दिवे आणि माणसं बघून त्याला राग आला असावा, कारण त्यानं अंगावरचे सगळे काटे उभे केले, पाय आपटले, आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवून उलटाच धावत आला. जवान टोपी टाकून पळाला. कारकुनानं फाईल छातीशी धरून डोळे मिटले. साहेबांच्या बुटात एक काटा रुतला, तरी ते जागचे हलले नाहीत. आणि धर्मराजबुवांनी, जे सापडलं त्याला, म्हणजे तीनशे बारा नंबरच्या शिंदीला, दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली आणि पाय खोडावर घेतले. वर कचरूचं मागच्या हंगामातलं मडकं होतं. बुवांनी ते पाहिलंसुद्धा असेल. साळिंदर खाली फिरत असेपर्यंत तरी त्यांनी खाली काही पाहिलं नाही.

साळिंदर एक फेरी मारून गवतात निघून गेलं. सगळे आपापल्या जागी उतरले.

"ये तो साही है," मोहतमीम साहेब म्हणाले. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि दाढीतून ते असे हसले की डोळ्यांना रुमाल लावावा लागला. पण हाडाचे अंमलदार. फाईल अशीच कशी मिटणार? त्यांनी तिथंच उभ्यानं सांगितलं, "लिखो. मुल्जिम सालिंदर की शिनाख्त हुई. बयान देने से इनकार किया. काबिले-माफी. मिसल दाखिल दफ्तर." म्हणजे आरोपीची ओळख पटली, फाईल बंद. खाली पंच म्हणून धर्मराजबुवांनी सही केली. सही करताना कागदाला शिंदीच्या खोडाचा चीक लागला. त्याबद्दल कोणीच काही बोललं नाही.

परत येताना बुवा पुंजारामच्या बरोबरीनं चालले. देवळाशी आल्यावर ते आत गेले आणि टाळ घेऊन बाहेर आले. "ठेका चुकून राह्यलाय कितीक दिसापासून," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "चला आत."

त्या रात्री भजन फार रंगलं म्हणतात. साळूबाई ओट्यावर बसून ऐकत होती.

दसऱ्याच्या आधी हुकूम आला. नोकरी कायम झाली. पुंजारामनं तो साळूबाईला वाचून दाखवला, आणि शेवटच्या ओळीला त्याचा आवाज बारीक झाला. त्यात लिहिलं होतं, की सदर अहलकार जंगली जनावरांची उत्तम माहिती राखतो, सबब त्याला अजिंठ्याच्या डोंगरात मोहाची झाडं मोजण्यावर नेमण्यात येत आहे.

"तिकडं काय असतं?" साळूबाईनं विचारलं.

"मोहाची फुलं. अन् ती खायला अस्वलं."

"लई?"

"याकूबभाई म्हणतो, झाडागणिक एक." पुंजारामनं हुकुमाची घडी घातली, पुन्हा उघडली. "खुर्ची असंल आसं वाटलं होतं गं. तू हितंच राहा. मी महिन्या-दोन महिन्यानं येत जाईन."

शेजारच्या भिंतीपलीकडून झुंबरबाईचा आवाज आला: "काय म्हणतो कागद? बदली झाली काय? कुठं? काऊन?"

साळूबाई उठली. कोपऱ्यातली दुसरी वळकटी तिनं झटकली आणि त्याच्या वळकटीवर ठेवली.

"अवो, तुमी तिकडं जाताल अन् मी हितं हे ऐकत बसू व्हय?" ती दोर आवळत म्हणाली. "त्यापरीस अस्वल परवडलं."